भामाकाकींचा कॉम्प्युटर एक वर्ष मागे राहिला त्याची गोष्ट

पळस्पे फाट्यावरून पनवेलकडे येताना आमची गल्ली लागते. गल्लीत भामाकाकींचं घर कोणतं, हे कुणाला विचारावं लागत नाही. अर्धं मिनिट गप्प उभं राहायचं, आवाज येतो. भामा काशिराम घरत हळू बोलल्या तर दोन घरांपलीकडे ऐकू जातं आणि फोनवर बोलल्या तर फोन लावला नसता तरी चाललं असतं असं वाटतं. वीस वर्षं त्यांनी मोरा बंदराच्या धक्क्यावरून सुकट आणून पनवेलच्या बाजारात विकली. तिथे गिऱ्हाइकाला चार पाट्यांपलीकडून वळवायचं असायचं. धंदा सुटला, आवाज राहिला.

त्यांचे मालक काशिरामकाका पोर्टातून रिटायर झालेले. ते दिवसाला साधारण दोनच वाक्यं बोलतात. एक, 'तसं नाय.' दुसरं, 'बरं, तसं.' पहिल्यानंतर दुसरं यायला काकींच्या एका नजरेइतका वेळ लागतो.

काकींचा धाकटा भाऊ केतन मस्कतला. आई लवकर गेली म्हणून काकींनीच त्याला कडेवर घेऊन वाढवला, हे त्या त्याच्यासमोरही सांगतात आणि तो आता सहा फूट असल्यामुळे ऐकणाऱ्याला चित्र डोळ्यांपुढे आणायला त्रास होतो. २००७च्या गणपतीत, विसर्जनाच्या आदल्या दिवशी, केतनला मुलगी झाली. बारसं बाराव्या दिवशी, शुक्रवारी, पाच ऑक्टोबरला. तिकडे शुक्रवारची सुट्टी, सगळे येणार. फक्त आत्या पनवेलला.

आता बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. यावर काकींनी तडजोड करायची नाही असं ठरवलं होतं. पण मस्कतमध्ये बाळाची मावशी विनिता जिथल्या तिथे हजर होती आणि तिचा फोन आला होता, 'आत्या, तुम्ही इतक्या लांब, काळजी नका करू, मी सांगते ना तुमच्या वतीने.' काकींनी फोन ठेवला आणि आम्हाला सगळ्यांना तिचा आवाज करून दाखवला, नाक थोडं वर करून. 'माज्या वतीनं. माज्या वतीनं ती जेवंल पन.'

मग केतननेच मार्ग काढला. 'ताई, कॉम्प्युटर घे. मेसेंजर असतो त्यात. कॅमेरा लावायचा, तू तिकडून बोल, इकडे बाळाला ऐकू येईल.'

काकींना पटलं. अडचण एकच, आणि ती मोठी होती. पितर चालू होते. पितृपक्षात घरात नवी वस्तू आणायची नाही, सुरू करायची तर त्याहून नाही. बारशाचं भटजींना विचारलं तर ते म्हणाले, बाराव्या दिवसाला अडचण नाही. कॉम्प्युटरबद्दल विचारलं तर म्हणाले, ते माझ्याकडे येत नाही.

बुधवारी स्टँडजवळच्या दुकानातून कल्पेश आला. शर्टाच्या खिशात चार पेनं, बोलणं अर्धं इंग्लिश. त्याने दुकानात सगळं चालवून बघितलं होतं. वायरी जोडल्या आणि बटणाकडे बोट नेलं, तेवढ्यात काकी म्हणाल्या, "हात काढ."

"काकी, ऑन करून दाखवतो ना."

"पितरांत नाय. आमी बगून घेऊ."

कल्पेश गेला. काकी त्या खोक्यासमोर जाऊन बसल्या. मग काशिरामकाकांना म्हणाल्या, "तुमच्या हापिसात पन होता ना असा. त्याला तारीख असते?"

"असते. खाली कोपऱ्यात."

"बदलता येते?"

"तसं नाय," काका म्हणाले. काकींनी बघितलं. "येते बदलता."

काकींचा विचार असा. कॉम्प्युटर आपल्या तारखेने जगतो. त्याच्या आत दसरा असेल तर तो दसऱ्यालाच सुरू झाला. यंदाचा दसरा अजून यायचा होता आणि न आलेल्या दिवसाचा भरवसा कोणी द्यावा. त्यापेक्षा गेल्या वर्षीचा बरा. तो नीट पार पडला होता, काही विघ्न आलं नव्हतं, सगळ्यांनी पाहिला होता. गेल्या साली दसरा बरोबर दोन ऑक्टोबरला, गांधी जयंतीला आलेला.

काकी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. काकांनी मशीन चालू केलं, कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली आणि २ ऑक्टोबर २००६ केलं. "झालं," म्हणाले. मग काकी वळल्या. मॉनिटरला हळदकुंकू, खालच्या डब्याला झेंडूचा हार, कीबोर्डवर आपट्याची दोन पानं. माउसला कुंकू लावलं तेव्हा ते खालच्या बाजूला, लाल दिवा आहे तिथे लावलं, म्हणून तो दिवसभर नीट सरकत नव्हता. पण मुहूर्त साधला होता.

शुक्रवारी दुपारी तीनला काकी नवी साडी नेसून, नाकात नथ घालून खुर्चीवर बसल्या. आमची अख्खी गल्ली मागे. शेजारच्या सुनीताकाकूंनी पाळणाही आणला होता. त्यात बाळ नव्हतं, पण रिकामा बरा दिसत नाही म्हणून नारळ ठेवला. बारसं पाचला.

काकांनी मेसेंजर उघडला, नाव आणि पासवर्ड टाकला. मेसेंजरच्या चौकटीतली दोन बाहुली थोडा वेळ गोल फिरली आणि थांबली. लाल गोलात फुली आली.

"काय बोलतो तो?" काकी.

"नाय घेत," काका म्हणाले. दिवसाच्या हिशेबाबाहेरचं वाक्य होतं.

कल्पेशला फोन गेला. काकींनी स्पीकर लावला होता, म्हणजे तशीही गरज नव्हती.

"काकी, एरर काय येतोय, वाचा बरं."

"लाल फुली हाय."

"त्याच्या बाजूला काय लिहिलंय?"

"इंग्लिश हाय."

"हां, पण काय इंग्लिश?"

"बारीक."

कल्पेशने मोठा श्वास घेतल्याचं गल्लीने ऐकलं. "बरं. कॅप्स लॉक ऑन आहे का? पासवर्ड परत टाका. हळूच टाका, कोणाला सांगू नका, पासवर्ड सिक्रेट असतो."

"सुकट एक दोन तीन," काकी फोनमध्ये म्हणाल्या. समोरच्या दुकानातला वाणीसुद्धा मान वर करून बघायला लागला.

पासवर्ड परत टाकला. फुली. तिसऱ्यांदा टाकला. फुली. सुनीताकाकू म्हणाल्या, "वायनी, मोडेमवर नारलाचं पानी शिंपडू का?" त्यांना चार बायकांनी धरून बसवलं.

चार वाजता कल्पेश स्वतः आला. काकींना थोडं बाजूला व्हायला सांगून त्याने खुर्ची घेतली आणि माउस उलटा करून बघितला, कुंकू पुसलं. मग त्याचं सुरू झालं.

"पहिले नेट चेक करू. नेट आहे. बघा, पेज ओपन होतंय. म्हणजे लाइनचा प्रॉब्लेम नाही. बरोबर?"

"बरोबर," गल्ली म्हणाली.

"मग मोडेम रिस्टार्ट. तीस सेकंद बंद ठेवायचा." त्याने वायर काढली. बायकांनी तीस मोजले. पंचविसाला कोणीतरी चुकलं म्हणून परत मोजले.

फुली.

"मग फायरवॉल. ही बाहेरच्यांना आत येऊ देत नाही."

"आमी बाहेर जातोय ना?" काकी म्हणाल्या. "आत कोन येतंय?"

"तसंच असतं काकी ते." त्याने फायरवॉल बंद केली. फुली. मेसेंजर काढून टाकला, परत घातला, त्यात वीस मिनिटं गेली. हिरवी पट्टी सरकताना सगळे तिच्याकडे अशा डोळ्यांनी बघत होते की ती लाजून थांबेल असं वाटलं. शेवटी फुलीच. मग कल्पेशने स्वतःचं खातं लावून बघितलं. त्यालाही फुली.

"म्हणजे पासवर्ड बरोबर आहे तुमचा," तो म्हणाला.

"त्यो बरोबरच हाय. सगल्यांनी ऐकलाय."

पाच वाजले. केतनचा फोन आला. मागे ताटवाट्यांचा आवाज, कोणीतरी पाळणा म्हणत होतं. "ताई, भटजी फुकट थांबलेत. त्यांना दुसरीकडे जायचंय. साडेपाचपर्यंत धरतो मी. मग विनिता सांगेल कानात. चालेल ना?"

गल्लीतल्या लोकांनी त्यांना गप्प बसलेलं पहिल्यांदाच ऐकलं. सुनीताकाकूंनी नारळ सरळ केला.

फोनवर विनिताचा आवाज आला, अगदी गोड, "आत्या, टेन्शन नका घेऊ हां. मी मस्त मॉडर्न नाव काढून ठेवलंय, तुम्हाला पण आवडेल."

काकींची नथ थरथरली.

कल्पेशने किती वेळ उरला बघायला माउस कोपऱ्यातल्या घड्याळावर नेला. तिथे पिवळी चौकट उघडली. तो वाकला. आणखी वाकला. मग त्याने स्वतःच्या मोबाइलवरची तारीख बघितली, परत मॉनिटरकडे बघितलं.

"काकी," तो अगदी हळू म्हणाला, "हा कॉम्प्युटर चार ऑक्टोबर दोन हजार सहामध्ये आहे."

"हाय ना."

"ना म्हणजे? हे कोणी केलं?"

काशिरामकाका खिडकीबाहेर बघू लागले. काकींनी सगळं सांगितलं, दसऱ्यापासून आपट्याच्या पानांपर्यंत. कल्पेश चारही पेनं खिशातून काढून परत खिशात ठेवत होता.

"काकी, हे बघा. आपण साइन इन करतो तेव्हा तिकडचा सर्व्हर आपल्याला एक दाखला दाखवतो, की मी खरा आहे. त्या दाखल्यावर तारीख असते. तो दाखला यंदाचा आहे. तुमचं मशीन गेल्या साली बसलंय. ते म्हणतं, हा दाखला अजून निघालेलाच नाही, म्हणजे खोटा. म्हणून दार लावून घेतं. दोन मिनिटांचं काम आहे. आजची तारीख टाकतो."

"हात काढ," काकी म्हणाल्या.

"अहो काकी, सव्वापाच झालेत."

"आजची टाकली तर तो पितरांतला होईल. पितरांतल्या वस्तूतनं पोरीच्या कानात नाव सांगू मी? पयलंवयलं नाव?"

"मग तारीख ठेवा किंवा बारसं ठेवा. दोन्ही नाही होत."

काकी उठल्या. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. फोन चालूच होता, मस्कतवरून कोणीतरी म्हणत होतं, 'पेढे गरम होतायत.' काकी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होत्या. चार पेरं पुढे, एक मागे. मग थांबल्या.

"कल्पेश, हा सुरू झाला कवा?"

"परवा."

"तुज्या हिशेबानं परवा. त्याच्या हिशेबानं गेल्या दसऱ्याला. दोन अक्टूबर. आज काय?"

"पाच ऑक्टोबर."

"मग वरीस उलटून तीन दिवस झाले ना त्याला. जुना झाला तो. जुनी वस्तू पितरांत वापरायला कोनाची ना हाय?"

कल्पेशने परत कोपऱ्यातल्या तारखेकडे बघितलं. "मग काकी, वॉरंटी एकाच वर्षाची आहे. तीपण संपली म्हणायची."

"वॉरंटी मानसांची. ती बिलावर चालते. हे देवाचं." काकी खुर्चीत बसल्या. "कर आता. पन उडी नाय मारायची. एक एक महिना घे. वरीस गेल्याशिवाय जुना कसा होईल?"

सव्वापाच वाजून चार मिनिटांनी पनवेलमध्ये एका कॉम्प्युटरचं वर्ष सुरू झालं. कल्पेशने ऑक्टोबरवरून बाण दाबला.

"थांब. दिवाली झाली ना यातच? एक मिनिट." काकींनी हात जोडले. "हां, जा."

"नोव्हेंबर."

"जा."

"डिसेंबर. आता साल बदलतो. जानेवारी."

"संक्रांत," सुनीताकाकू म्हणाल्या. आणि कोणाला काही सुचायच्या आत त्यांनी घरातून तिळाची वडी आणून मॉनिटरसमोर ठेवली. कुठून आणली देव जाणे, ऑक्टोबर होता.

"फेब्रुवारी. काकी, साडेपाचला सहा मिनिटं आहेत."

"मार्चात होली. जा. पाडवा पन गेला. जा."

एप्रिल, मे, जून पटापट गेले. कोणालाच तिथे थांबायचं नव्हतं. जुलैमध्ये काकांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "नारली पौर्णिमा ऑगस्टात होती यंदा." मोऱ्याहून सुकट आणणाऱ्या घरात तिला वगळता येत नाही, म्हणून ऑगस्टमध्ये सगळ्यांनी हात जोडले. कल्पेशनेही जोडले.

"सप्टेंबर."

"गनपती. आनि माजी पोर जन्मली." काकींनी डोळे पुसले. "जा."

"ऑक्टोबर पाच, दोन हजार सात. ओके दाबू?"

"दाब."

दाबलं. नाव टाकलं. सुकट एक दोन तीन. दोन बाहुली फिरायला लागली. फिरली, फिरली, आणि हिरवी झाली. 'टुंग' असा आवाज आला आणि खिडकीत केतनचा चेहरा उघडला, चौकोनाचौकोनांचा, कपाळ एका बाजूला आणि हनुवटी दुसऱ्या बाजूला, पण भाऊ ओळखू येत होता. त्याच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मागे विनिता, तोंड अर्धं उघडलेलं. ती नुकतीच बाळाच्या कानाकडे वाकायला निघाली होती.

"मावशे," काकी म्हणाल्या, "मागं हो."

मावशी मागं झाली. त्या आवाजापुढे मस्कतचा शेखही झाला असता. केतनने स्पीकर बाळाच्या कानाजवळ धरला. काकी कॅमेऱ्याला इतक्या चिकटल्या की तिकडे फक्त नथ दिसत असणार.

"कुर्रर्र," काकी म्हणाल्या. आणि मग, वीस वर्षं सुकट विकलेल्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा कुजबुज केली. इतकी हळू, की पाठीमागे उभ्या असलेल्या आम्हालाही ऐकू आलं नाही. बाळाने मात्र मान वळवली. चौकोनांतही दिसलं ते.

"काय नाव, ताई?" केतनने विचारलं.

"गोदू. आयचं. शालेत तुमी काय मॉडर्न ठेवायचं ते ठेवा."

केतन काही म्हणणार होता, पण आत्याने नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात आणि आमच्या गल्लीतल्या बायका अडीच तास त्याचीच वाट बघत होत्या. सुनीताकाकूंनी पहिला घातला. मग बाकीच्यांनी. शेवटी कल्पेशने, आणि तो जरा जोरात होता.

तेवढ्यात लाइन अडकली. केतनने नंतर फोनवर सांगितलं की मस्कतला चित्र तिथेच थांबलं होतं. भामाकाकी टेबलावर पालथ्या, पाठीवर आठ हात, आणि नथीखाली हे एवढं हसू. भटजींना तसंच सोडून जाणं बरं वाटेना, म्हणून तेही त्या चित्रासमोर बसून पेढे खात राहिले.