बाईसाहेबांच्या वाटचं हं

एका मंत्र्याला मी एकदा त्याची बायको म्हणून उत्तर दिलं. उत्तर कसलं, नुसतं ‘हं’ म्हणाले. पण तेवढ्यानं एका परसाचं फाटक आणखी एक दिवस बंद राहिलं, आणि दुष्काळात एक दिवस म्हणजे काय ते ज्यांनी रिकामी घागर घरी नेली त्यांनाच विचारा.

मी तेव्हा औरंगाबादच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होते. वय वीस, दोन वेण्या, आणि अक्कल त्या वेण्यांपेक्षाही पातळ. बाहेरगावचे फोन आम्हीच जोडून द्यायचो. जोडून झालं की लाइनीवरून बाजूला व्हायचं, असा नियम होता. पाचही जणी तो दुसऱ्या दिवसापासूनच विसरलो होतो.

रोज सायंकाळी सातला मुंबईहून एक फोन यायचा. आमच्याच शहरातले एक पुढारी नुकते मंत्री झाले होते. ते तिकडे सरकारी बंगल्यात, बाईसाहेब इथं जुन्या घरी. मी कान टवकारले. मला वाटायचं, एवढा मोठा माणूस, बायकोशी कसं गोड बोलत असेल! चांदण्याबिंदण्याचं काहीतरी निघेल. तर साहेब म्हणायचे, “इथल्या आचाऱ्याला वरण जमत नाही.” मग, “खोकला कमी आहे.” मग, “फुलंब्रीकडची माणसं आली होती, टँकर मागत होती.” आणि पलीकडून एक शब्द नाही. मधूनच बांगड्या वाजायच्या, म्हणून कळायचं की बाई फोनवर आहे. तीन मिनिटं झाली की मी सांगायची, आणि ते म्हणायचे, “ठेवतो मग.”

हे काय प्रकरण आहे, या विचारानं मला जेवण जाईना. शेवटी बाईसाहेबांच्या गल्लीत राहणाऱ्या मैत्रिणीकडून काढलंच. त्यांच्या परसात आड होता आणि त्या वर्षी आख्ख्या भागात पाणी तेवढ्यालाच उरलेलं. चिकलठाण्याकडं कारखाने उभे राहत होते, त्यांचे मजूर आमच्याकडं खोल्या करून राहिलेले, त्यात खेड्यांतून खडी फोडायला आलेली माणसं. सगळ्यांची रांग बाईसाहेबांच्या फाटकाशी. एकदा रेटारेटीत एक बाई पडली, डोक्याला लागलं. साहेबांनी विचार केला, उद्या कोणी आडातच पडलं तर वर्तमानपत्रं आपल्याला सोडायची नाहीत. फाटकाला कुलूप लावलं आणि शिपाई बसवला. त्या दिवसापासून बाईसाहेबांनी अबोला धरला. कुलूप निघेपर्यंत बोलायचं नाही. फोन मात्र रोज घ्यायच्या.

मला कोणाची कीव यावी? तहानलेल्यांची नाही. साहेबांची आली. एवढा मोठा माणूस आणि वरणासाठी झुरतोय! त्या सायंकाळी ते खोकत खोकत म्हणाले, “किती दिवस झाले गं. फार नको बोलू. नुसतं हं म्हण.”

बांगड्याही वाजल्या नाहीत. बोलायची कळ माझ्याकडून उघडी राहिली होती, हे मी पुढं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मीच उघडली.

“हं,” मी म्हणाले. सिनेमातल्या नटीसारखं, लाजून.

साहेब म्हणाले, “झालं तर. राग गेला म्हणायचा. मग शिपाई राहू दे तिथंच, आता तुझी हरकत नाही.”

बाईसाहेबांची पंचाईतच झाली. ‘मी नाही बोलले’ म्हणावं तर अबोला मोडतो, गप्प राहावं तर होकार ठरतो. त्यांनी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एक्स्चेंजात आल्या. ठेंगणी, सावळी बाई, पदर खोचलेला. आमच्या सुपरवायझरबाई खुर्ची पुसायला धावल्या. “काही तक्रार, बाईसाहेब?”

“तक्रार नाय. या पोरींना एकेकीनं हं म्हणायला सांगा.”

ओळीनं चौघी हं म्हणाल्या. माझी पाळी आली तेव्हा मला जो खोकला लागला तो थांबेचना. घरात नोकरी माझी एकटीची. ती चालली असं डोळ्यांसमोर दिसत होतं.

“हीच,” बाईसाहेब म्हणाल्या. मला जिन्यापाशी नेलं. “तू घोटाळा केलास, तूच निस्तरायचा. मला बोलता येत नाय.”

“माझी नोकरी जाईल.”

“माणसं रिकाम्या घागरी घेऊन माघारी चाललीत, पोरी.”

सात वाजले. फोन जोडला आणि मीच बोलले, “साहेब, मी इथली ऑपरेटर. कालचं हं माझं होतं. बाईसाहेबांचा अबोला चालूच आहे.”

“हे सांगायला तुम्हाला कोणी सांगितलं?”

“बाईसाहेबांनी.”

“म्हणजे तुमच्याशी बोलतात त्या.”

“व्हय, साहेब.”

ते त्यांच्या मनाला लागलं असावं. एकदम थकल्या आवाजात म्हणाले, “उद्या सकाळी शिपाई उठेल. कुलूपही काढायला सांगतो. पण रांग सरळ लावायची म्हणावं. कोणी पडलं तर माझी मान अडकेल.”

“लावते,” बाईसाहेब म्हणाल्या. जाड, खर्जातला आवाज. माझ्या नटीपणाशी काही संबंध नसलेला. मग म्हणाल्या, “खोकल्याला काढा घेता का? आणि पोरी, तू ठेव आता.”

आयुष्यात तेवढा एकच फोन मी ऐकला नाही.

नोकरी राहिली. आठवड्यानं मीही घागर घेऊन त्यांच्या परसात गेले. रांग दोरी बांधून सरळ लावलेली, बाईसाहेब स्वतः रहाटापाशी उभ्या. मी हळूच म्हणाले, “साहेबांना आवाजातला फरक कसा कळला नाही हो?”

त्यांनी माझी घागर भरली, माझ्या कमरेवर दिली, आणि म्हणाल्या, “कळला नाय कसा? एकवीस वर्षं ऐकतायत मला. पण पुढारी माणूस, आपल्या पेटीत पडलेलं मत कोणाचं ते कशाला विचारतोय. तुझं लग्न ठरलंय म्हणे. नवऱ्याला इतक्या लवकर हं म्हणत जाऊ नको.”