‘नाइस’चं कार्ड

धाकट्या जावेला शब्दकोशाच्या कचेरीत चिकटवलं ते थोरलीनेच. आता बसा बोंबलत! एकोणीस वर्षं इंग्रजी शब्दांची कार्डं लिहिणारी ही बाई, आणि सहा महिन्यांत कचेरीतले सगळे अडलं की धाकटीच्या टेबलाशी जायला लागले. थोरलीच्या पोटात दुखायला तेवढं पुरे होतं.

त्यात पुढच्या खंडाचं काम दोघींपैकी एकीकडे सोपवायचं ठरलं. थोरली कधीची त्यावर डोळा ठेवून होती. संपादकांनी दोघींना एकच शब्द दिला, ‘नाइस’. चारपर्यंत कार्ड हवं. थोरलीने पाच मिनिटांत उरकलं. छान, चांगला, सुखद. झालं की! त्यात काय एवढं खणायचंय?

धाकटी डबा धुवायला गेली आणि थोरलीने तिचं कार्ड उचललं. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ ‘न जाणणारा’. सातशे वर्षांपूर्वी फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा ‘नाइस’ म्हणजे चक्क मूर्ख. मग चोखंदळ, मग नाजूक, मग काटेकोर, आणि ‘छान’ व्हायला अडीचशे वर्षांपूर्वीचा काळ उजाडला. खाली वापर लिहिला होता : आवडलं की म्हणतात, आणि आवडलं नाही हे सांगायचा धीर नसला तरी म्हणतात.

थोरलीने तीनदा वाचलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मेली लिहिते तरी कशी! हा मत्सर होता, शुद्ध मत्सर, आणि ते तिलाही कळत होतं. तरी कार्ड पर्समध्ये गेलंच.

मग शोधाशोध. धाकटी टेबलाखाली वाकली. थोरलीसुद्धा वाकली, काय सांगायचं!

“असू दे ताई, परत लिहिते,” म्हणत धाकटीने दहा मिनिटांत नवं कार्ड खरडलं. संपादकांनी ते उभ्याउभ्याच वाचलं, आणि खंड धाकटीकडे गेला.

संध्याकाळी बसथांब्यावर धाकटीने थोरलीचा हात धरला. “ताई, रागावलात का हो? खरं सांगू, ते हरवलं म्हणूनच जमलं. पहिलं फार पाल्हाळिक झालं होतं. निम्मे शब्द गाळले मी.”

थोरलीने पर्स काखेत घट्ट दाबली. एकोणीस वर्षं शब्द तोलण्यात गेली, आणि त्या पहिल्या कार्डात तिला एकही शब्द जास्तीचा सापडला नव्हता.