वॉल्टरसाहेबांचा शुक्रवारचा फोन

श्रीवर्धनच्या एसटी स्टँडवर अब्बा माझी बॅग सोडायलाच तयार नव्हते. मी गावच्या संघात चढाईला जायचो, आणि त्यांना बोलायला कबड्डीचीच भाषा यायची. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "दम तुटायच्या आधी लायनीवर परत ये." मी मान हलवली. दोनच वर्षांसाठी तर चाललो होतो! त्या दोनाची सतरा झाली, आणि अब्बांच्या मय्यतीलाही मला पोचता आलं नाही.

सौदीतल्या जुबैलमध्ये एका ठेकेदार कंपनीत सेफ्टीच्या कामाला लागलो. वॉल्टर माझे साहेब. तरुणपणी अमेरिकेत सात वर्षं पगारी फुटबॉल खेळलेले. कॅम्पातल्या मंडळींनो, तुम्हाला आठवत असेल, हे कळलं मात्र, आपण त्यांना शुक्रवारच्या मॅचला धरूनच आणलं. पहिलाच बॉल साहेबांनी हातानं उचलून काखेत मारला आणि तिघांना आडवं करून पळत सुटले. त्यांचा फुटबॉल वेगळा, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. हसून हसून मेलो आपण. मग मी त्यांना कबड्डी दाखवली. गुडघे खलास, वय पंचावन्न, पण पकड काय होती त्या माणसाची, बाप रे.

त्यांच्या त्या अमेरिकन फुटबॉलनंच त्यांचा घात केला. तेव्हा डोक्यावर बसलेले मार उतारवयात वर आले, असं डॉक्टर म्हणाल्याचं त्यांनी मला एकट्याला सांगितलं. मीटिंग विसरायचे, कधी माझं नाव. घरी कुणी नव्हतं, नोकरी गेली तर दिवसभर करायचं काय, याचीच त्यांना धास्ती. मी रोज सकाळी त्यांचा दिवस चिठ्ठीवर लिहून हेल्मेटच्या आत चिकटवायला लागलो. हे बरोबर नव्हतं, मला कळत होतं. पण त्यांना उघडं पाडायला मन होईना.

तेवढ्यात सौदीकरण आलं, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं घ्यायचा सरकारी नियम. माझी जागा नव्यानं आलेल्या फहदला मिळणार होती, आणि त्याला शिकवायचंही मीच. माणूस सरळ, रोज माझ्यासाठी गहवा, त्यांची अरबी कॉफी, आणायचा, त्यामुळे धड रागावताही येईना. एके दिवशी मी इकाम्याच्या, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याच्या, कामाला गेलो आणि चिठ्ठी राहिली. साहेबांनी गॅस न तपासता टाकीत उतरायच्या परमिटवर सही केली. चार माणसं उतरणारच होती, फहदनं थांबवली. मी परतल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "साहेबांचं तुला माहीत होतं ना?"

त्याच दुपारी मी मॅनेजरला सगळं सांगून टाकलं. साहेबांना फायनल एक्झिट मिळाली, म्हणजे नोकरी संपवून कायमचं मायदेशी.

"कोणी सांगितलं?" त्यांनी मला विचारलं.

"मी."

 साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बरं केलंस. मला रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं, आणि त्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं. दम्मामच्या विमानतळावर शेवटचं विचारलं तेव्हा माझा धीर सुटला. माहीत नाही, म्हणालो. ते खोटं मला अजून छळतं.

वर्षभरात माझीही एक्झिट लागली. आता मी श्रीवर्धनला असतो. मुलं जुबैलच्या शाळेत वाढलेली, ती पुण्याला राहतात आणि फोनवर हिंदीत बोलतात. दर शुक्रवारी संध्याकाळी मी अब्बांच्या खाटेवर बसून फोनची वाट बघतो. साहेब आता अमेरिकेत बहिणीकडे असतात, तीच नंबर लावून देते. कोणी सांगितलं, ते विचारतात. मी, असं मी सांगतो. कधी म्हणतात बरं केलंस, कधी फोन ठेवून देतात. पुढच्या शुक्रवारी पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या शुक्रवारी मात्र त्यांनी वेगळंच विचारलं. "तू घरी पोचलास का?"

हा अब्बांनी विचारायचा प्रश्न. मला येऊन तीन वर्षं झाली, गावात कुणी विचारला नव्हता. कसाबसा म्हणालो, "पोचलो, साहेब."

"बरं केलंस," ते म्हणाले. मग जरा थांबून, "कोण बोलतंय?"

मी माझं नाव सांगितलं. गावाचंही सांगितलं.