मसाल्याचं दुकान मोबाईलवर

वरवंडला माझ्या शेजारी एकजण मोबाईलवरनं मसाला विकतो. विकतो म्हंजी, विकायचं अ‍ॅप निवडतो. एका अ‍ॅपात तिखटाचे प्रकार बसतात तर पाकिटांचे बसत न्हाईत. दुसऱ्यात दोन्ही बसतात, तर गिऱ्हाइकाला लसूण नको म्हणता येत न्हाई. तोवर मसाला कुटायचा डंख बंद. चहा देतानाबी विचारणार, "आबा, कप का ग्लास? साखर का गूळ?" तोवर चहा गार.

माझी मंडळी गेली, तिच्या हातचा मसाला मी पुरवून पुरवून खाल्ला. डब्याचा तळ दिसाया लागला तवा डबा घेऊन त्याच्याकडं गेलो.

"हिच्यासारखा मसाला दे."

"कमी तिखट, मध्यम का झणझणीत?"

"ती करायची तसा."

"आबा, त्यो ऑप्शन न्हाई."

"मग अ‍ॅप बदल की! नायतरी रोज बदलतोस."

हसला न्हाई. मोबाईल बाजूला ठेवला, डब्याचा वास घेतला. तवापास्नं थोडा थोडा मसाला कुटून वाटीतनं आणून देतो. कवा धने जास्त, कवा खोबरं करपलेलं. मी आमटी करतो आन् नावं ठेवतो. पठ्ठ्या परत हजर.

परवा आमटीचा घास तोंडात घेतला. तीच चव.

तो दारातच उभा. "जमला का, आबा? जमला तर दुकानात चढवतो, काकूंच्या नावानं."

बटण दाबून कुणीबी तिचा मसाला मागवणार, हे मला सोसंना.

म्हणलं, "न्हाई जमला. पण कुटलाय तेवढा समदा इथं ठेवून जा."