साहेबराव सरांच्या नावाची अट

चाकणला यंत्रांच्या पॅकिंगसाठी लाकडी खोकी बनवणारे ज्योतीराम काळोखे बोलता बोलताही हवेत खिळे ठोकत. गेल्या पंचवीस वर्षांत त्यांचा लाकूड कोरायच्या पटाशीला हात लागला नव्हता. त्यांना सुतारकाम शिकवणारे साहेबराव वाघमारे सर मात्र खिळ्याला सुताराचा आळस म्हणत. लाकडात लाकूड घट्ट बसले पाहिजे, हा त्यांचा हट्ट. विद्यार्थ्याने केलेल्या स्टुलावरून ते जुन्या स्पीकरचे लोहचुंबक फिरवत. चुंबक चिकटले की पोरगा नापास.

सर गेले. गरीब मुलांना हत्यारांची पेटी देणारी शिष्यवृत्ती त्यांच्या नावाने सुरू करावी, असे ज्योतीरामांच्या फार मनात होते. पण नावाला परवानगी सरांच्या पत्नीची, पिंपळे गुरवच्या कस्तुराकाकूंची हवी होती.

काकू म्हणाल्या, "नाव देते. आधी बिनखिळ्याचं एक स्टूल करून आण."

बरोबर आलेला वर्गमित्र हिंदुराव हसला. "व्हय काकू! मालक झाल्यापास्नं यानं नुसत्या सह्याच केल्यात."

ज्योतीरामांनी आठवडाभर घाम गाळला. तीन पाय झकास बसले, चौथा काही केल्या ऐकेना. शेवटी सवयीने हात खिळ्यांच्या बंदुकीकडे गेला. फट्! वर भुसा आणि फेविकॉल भरून त्यांनी पॉलिश मारले.

काकूंनी स्टूल पाहिले, कौतुक केले आणि कपाटातून चुंबक काढले. तीन पायांवरून ते सुरळीत सरकले. चौथ्याला टक्कन चिकटले.

ज्योतीरामांचा चेहरा पडला. आता कसले नाव आणि कसली शिष्यवृत्ती!

"काकू, एकच आहे हो."

"तुझ्या पहिल्या स्टुलात चार निघाले होते. हे घरी येऊन हसत होते. एकावर आलास, सुधारलास म्हणायचं." काकूंनी चुंबक ओढून सोडवले. "त्यांचं नाव खुशाल द्या. पण पोरं निवडायला तू बसायचं न्हाईस."

"बराबर हाय," हिंदुराव पुढे सरसावला. "ते काम माझ्याकडं द्या."

"देते की. तुझं स्टूल कुठंय?"

हिंदुरावाने घाईघाईने मोबाईल कानाला लावला आणि "हॅलो, हॅलो" करत तो अंगणात गेला. फोन वाजला मात्र नव्हता.