मार्गारेटसाठी एक लांबलचक वाक्य

मार्गारेटच्या अंत्यविधीत लोक खो खो हसले, आणि ते माझ्यामुळे हसले. हे सांगणं मी कित्येक वर्षं टाळलं. मिसिसागातल्या आमच्या मराठी मंडळींत कुणी विषय काढलाच, तर मी तडक वॉशरूम गाठायचो. (लोकांना माझ्या प्रोस्टेटची काळजी वाटू लागली होती!)

माझी बायको कुसुम सुट्या सुट्या वाक्यांत इंग्रजी बोलायची. "स्नो टू मच. बस लेट. आय कम." शेजारच्या मार्गारेटला सगळं कळायचं. कुंपणापाशी दोघींच्या तासन्‌तास गप्पा चालत. खटकायचं ते फक्त मला! शाळेत मी वाक्यपृथक्करण घोकलं होतं: हे मुख्य वाक्य, हे गौण वाक्य. त्याच जोरावर कॅनडात इंजिनियर म्हणून निभावलं, असा माझा समज. म्हणून दर रविवारी वरणभात झाला की मी कुसुमला बेसमेंटमध्ये फळ्यासमोर बसवायचो.

"अगं, ही वाक्यं आहेत की सुटे डबे? जोड त्यांना! बिकॉज घाल, ऑल्दो घाल!"

"अहो, मार्गारेटला कळतं ना?"

"ती सभ्य आहे, म्हणून बोलत नाही."

(सभ्य मार्गारेट मला 'प्रोफेसर' म्हणायची आणि मग दोघी पोट धरून हसायच्या, हे मला खिडकीतून ऐकू यायचं.)

मग मार्गारेट गेली. तिच्या मुलाने विचारलं, आईबद्दल दोन शब्द बोलाल का? कुसुम चक्क हो म्हणाली! चारचौघांत ती मराठीतही कधी बोलली नव्हती. तिने मनाशी ठरवून मला ऐकवलं, "मार्गारेट माय फ्रेंड. आय सिक, शी ब्रिंग सूप. नाऊ हू विल कॉल मी?"

"हे काय भाषण झालं?" मी म्हणालो, आणि त्या सगळ्याचं मिळून एकच वाक्य बनवलं. एकच! त्यात तीन गौण वाक्यं, आणि मुख्य वाक्य पार शेपटाला. वर फर्मान सोडलं, कागद न्यायचा नाही, तोंडपाठ करायचं. कुसुम पोळ्या लाटताना पुटपुटू लागली. मुलगी फोनवर ओरडली, "बाबा, जस्ट लेट हर टॉक!" हे आज्ञार्थी वाक्य आहे, ते बापाशी वापरू नये, असं मी तिला बजावलं.

त्या दिवशी कुसुम पांढरी साडी नेसून शवपेटीशेजारी उभी राहिली. "ऑल्दो मार्गारेट, हू वॉज..." आणि अडली. पाठ केलेलं मधूनच कसं उचलणार? पुन्हा पहिल्यापासून. "ऑल्दो मार्गारेट, हू वॉज..." पुन्हा तिथेच! शाळेच्या गॅदरिंगमध्ये विंगेतून करतात तसं मी दुसऱ्या रांगेतून प्रॉम्प्टिंग सुरू केलं. तिला ऐकू जाईना. मी उभा राहिलो. तोवर मला कानाने कमी ऐकू येऊ लागलं होतं, त्यामुळे माझी कुजबुज केवढी होते याचा मला अंदाज नव्हता.

"नेव्हरदलेस!" मी गर्जलो.

आधी मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा हॉल! मार्गारेटचा मुलगासुद्धा तोंडावर रुमाल धरून हलत होता. कुसुमने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि परत जागेवर येऊन बसली.

गाडीत मीच म्हणालो, "थोडी आणखी प्रॅक्टिस हवी होती."

"मला तिला बाय म्हणायचं होतं हो," ती म्हणाली. बस, एवढंच.

मार्गारेटच्या घरात नवे शेजारी आले. कुसुम त्यांच्याकडे पाहून नुसती मान हलवायची. मी फळा पुसून गराजमध्ये टाकला. तो कुठे गेला, हेही तिने कधी विचारलं नाही.

गेल्या विंटरमध्ये ती हॉस्पिटलात होती. एका दुपारी मी खुर्ची तिच्या उशाशी ओढली.

"कुसुम, त्या मार्गारेटच्या वेळी मी..."

तिने डोळे उघडले. "काय हो?"

मी घड्याळात पाहिलं. "काही नाही. पार्किंगची वेळ संपत आलीये. मीटर बघून येतो."

"जा, जा. नाहीतर दंड होईल."

मी परत आलो तेव्हा तिचा डोळा लागला होता. तो पुन्हा उघडला नाही. दंड मात्र वाचला!