वहिनीचं घर एक मोसम पुढे

माझी वहिनी घर सजवते. यात सांगण्यासारखं काय, असं म्हणाल. तर सांगते. भर उन्हाळ्यात, पंख्याखाली बसूनही पाठ कोचाला चिकटत असताना, हिच्या बैठकीच्या छताला कागदी छत्र्या टांगलेल्या असतात आणि खिडक्यांना निळे पडदे. बाहेर पाऊस धो धो कोसळायला लागला की आत उशांना लोकरीचे अभ्रे चढतात. लोक कानटोप्या घालून दार वाजवतात, तर दारावर कापडी फुलांचा वेल. शाळांच्या परीक्षा अजून डोक्यावर असतात आणि हिने सुट्टीची पुठ्ठ्याची आगगाडी भिंतीवर सोडलेली असते. नवा माणूस दारात थबकतो, आधी कॅलेंडरकडे बघतो, मग आमच्या तोंडाकडे. माझ्या नवऱ्याने तर पहिल्याच भेटीनंतर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?"

ठीकच होतं. ती खोड धंद्याची. वहिनीने उमेदीची सारी वर्षं कापडाच्या एका मोठ्या दुकानात काढली, तीही दर्शनी काचेच्या आत. काचेतले पुतळे सजवायचे, मागे देखावा उभा करायचा, हे तिचं काम. दुकानात तिला सगळे 'काचवाल्या बाई' म्हणायचे. मी तिला एकदा वैतागून म्हटलं, "अगं, निदान घरात तरी जो मोसम चालू आहे तो लाव!" तोंडात टाचण्या होत्या, त्या एकेक काढून तिने हातावर ठेवल्या आणि म्हणाली, "काचेत आजचं काही लावायचं नसतं गं. आजचं सगळ्यांच्या अंगावरच असतं. पुढचं लावलं की रस्त्याने जाणाऱ्याला वाटतं, चला, हेही दिवस सरतील." आणि टाचण्या परत तोंडात. पुढे वाद घालायची सोयच नाही.

दुकानातून निवृत्त झाली तेव्हा मला वाटलं, सुटलो. कुठलं काय! दुकानात जागा कमी पडत होती ती आता घरात मिळाली. माळ्यावर चार मोठी खोकी, एकेका मोसमाचं एकेक. टांगायची बारीक नायलॉनची तंगूस, तारा, रंगवलेल्या फांद्या, पडद्यांच्या घड्या. बाकीच्यांचं सामान ठेवायला माळा नाहीच.

आणि या सगळ्यात माझा दादा. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आयुष्यभर लोकांना वरखाली न्यायची यंत्रं सांभाळली आणि घरी बायकोची शिडी सांभाळली. ती शिडी म्हणजे एक नग आहे. अॅल्युमिनियमची, जुनी, एक पाय जरासा आखूड. दुकानात एकदा मदतनीस हातातली शिडी सोडून फोन घ्यायला गेला आणि वहिनी पुतळ्यांसकट खाली आली, मनगट मोडलं. तेव्हापासून घरातली शिडी दादानेच धरायची. तो दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून वर बघत ओरडायचा, "डावीकडे. तुझ्या नव्हे, माझ्या डावीकडे! हां, आता वाकडं झालं." वर पुन्हा कुरकुर, "माझी काय गरज आहे इथे? खांबाला टेकवली तरी चालेल." एकदा मी हौसेने पुढे झाले, तर वहिनी म्हणाली, "तू नको गं बाई. तू बोलता बोलता सोडशील." मला राग आला होता, पण खोटं नव्हतं. मी बस स्थानकावर गाड्या पुकारायचे. माईक हातातून गेला तरी सवय गेली नाही. दादा मला भोंगाच म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात दादाच्या छातीत दुखायला लागलं. घरात तेव्हा नुकतीच थंडी लागली होती, म्हणजे वहिनीने लावली होती. तपकिरी जाड पडदे, लोकरीचे अभ्रे, कोपऱ्यात पांढऱ्या रंगवलेल्या फांद्या. त्याच पडद्यांसमोरून स्ट्रेचर गेलं. हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली. ती नीट पार पडली म्हणून आम्ही हुश्श केलं, तर जखमेत पू झाला. मग पुन्हा ताप, पुन्हा अतिदक्षता विभाग, पुन्हा त्या काचेच्या दाराबाहेरचं बाकडं. वहिनी बाकड्यावर बसायची आणि काचेतून आत बघायची. आयुष्यभर काचेच्या आतून बाहेर बघितलेली बाई! मी चहा आणायचे, ती तो हातात धरून गार करायची.

पण दादा तगला. एके सकाळी डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "आता घेऊन जा घरी." माझा जीव भांड्यात पडला. मी त्या बाईंना मिठीच मारली. त्या ऑपरेशनवाल्या, मी बस स्थानकावरची, पण कसलं भान!

घरी आणलं तेव्हा बाहेर थंडी पडली होती. दादा दारात थांबला. पडद्यांकडे बघितलं, लोकरीच्या उशांकडे बघितलं, मग वळून रस्त्यावरच्या स्वेटर घातलेल्या माणसांकडे. "थंडी पडली का गं?" त्याने वहिनीला विचारलं.

"पडली ना. चला आत, वारा लागेल," ती म्हणाली.

तो आत आला, कॉटवर पडला आणि भिंतीकडे तोंड केलं. दमला असेल, असं आम्ही म्हटलं.

पण दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्याही. डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं, रोज चालायचं, खायचं आणि फुप्फुसांसाठी त्या प्लॅस्टिकच्या नळीतून जोरात श्वास ओढून तिच्यातले चेंडू वर चढवायचे. दादा नळीकडे ढुंकून बघेना. सूप दिलं तर दोन घोट. चालायला उठवलं तर, "राहू दे गं, उगाच कशाला." मी आवाज चढवला, लाडीगोडी लावली, शेवटी हात टेकले. त्यापेक्षा भयंकर म्हणजे तो शहाण्यासारखा वागायला लागला. माझा दादा, जो पाण्याच्या नळावरून सगळ्या मजल्यांशी भांडलेला आहे, तो सगळ्यांना "बरं, बरं" म्हणायला लागला. वहिनीला बसवून मीटर कुठे बंद होतो ते दाखवलं. स्वतःची हत्यारांची पेटी शेजारच्या मेकॅनिकला देऊन टाकली. जिला आम्हाला कधी हात लावू दिला नाही, ती पेटी! मेकॅनिक ती दोन्ही हातांत धरून जिन्यात उभा होता, घेऊ की नको कळेना त्याला.

तपासणीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "हृदय छान चाललंय. पण हे असेच झोपून राहिले तर फुप्फुसात संसर्ग होईल आणि परत दाखल करावं लागेल. या वेळी अंगात ताकद किती उरली असेल, सांगता येत नाही." वहिनीने मान हलवली. घरी येऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळ का सोडला ते न कळण्याइतकी मी काही खुळी नाही.

एका दुपारी ती औषधं आणायला गेली होती. मी दादाजवळ बसले होते. त्याने डोळे मिटूनच म्हटलं, "भोंगा, एक विचारतो. खरं सांगशील?"

"मी कधी खोटं बोलले? बोलले असते तर इतकी भांडणं झाली असती का?"

"माझे किती दिवस राहिलेत?"

मी गारच झाले. "कसले दिवस? दादा, डोकं ठिकाणावर आहे ना? बाईंनी तुझ्यासमोर सांगितलं, हृदय छान चाललंय!"

"माझ्यासमोर सांगणारच. तुम्हाला बाहेर वेगळं सांगितलंय."

"कुणी सांगितलं तुला हे?"

त्याने डोळे उघडले आणि पडद्यांकडे बोट केलं. "यांनी. लग्न झाल्यापासून बघतोय. थंडी पडते तेव्हा या घरात फुलं असतात. एकदाही चुकलेलं नाही. तिचे वडील गेले त्या वर्षीसुद्धा नाही. मी घरी आलो, बाहेर थंडी, आत थंडी. तेव्हाच कळलं मला. पुढचं लावायला तिचा हात उठला नाही. तू थापा मारशील, डॉक्टर थापा मारतील. घर कसं मारेल?"

मी कपाळाला हात लावला. हसू की रडू! इतके दिवस हा माणूस पडदे वाचत पडला होता आणि आम्ही औषधं बदलत होतो. हसायला गेले ते रडूच आलं, आणि रडता रडता संताप. मी उठून उभी राहिले आणि बस स्थानकावरच्या आवाजात सुरू झाले, "अरे शहाण्या! महिनोन्‌महिने ती बाई दवाखान्याच्या बाकड्यावर होती! घरी अंघोळीपुरती यायची! घर जिथल्या तिथे राहिलं आणि मोसम त्याच्यापर्यंत येऊन पोचला, एवढंच! आणि तू इथे मरायला टेकलास? पडद्यांच्या सांगण्यावरून?"

नेमकी तेव्हा वहिनी दारात. औषधांची पिशवी हातात, चपलासुद्धा काढलेल्या नाहीत. माझा आवाज तिला खाली जिन्यातच ऐकू गेला असणार, तो अख्ख्या इमारतीला गेला होता. तिने माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे.

"अहो, हे मनात धरून बसलात?"

लहान मुलासारखं तोंड झालं होतं दादाचं. मग हळूच म्हणाला, "घरी आल्यावर तरी लावायची होतीस ना फुलं. आता तर दवाखाना नव्हता."

वहिनी कॉटच्या कडेला बसली. पिशवी मांडीवरच होती. "आणि शिडी कोण धरणार होतं?"

"शिडी काय, कुणीही धरेल. ही आहे, मेकॅनिक आहे."

"दुसऱ्या कुणी धरली तर मी चढत नाही, माहीत नाही का तुम्हाला?" तिने पिशवी खाली ठेवली. "दवाखान्यातून येऊन एकदा चढले होते, खांबाला टेकवून, तुम्ही म्हणता तशी. म्हटलं, तुम्ही याल तेव्हा फुलं असू देत. दुसऱ्या पायरीच्या वर पाय उचलेना. खाली कुणी ओरडत नव्हतं, डावीकडे, उजवीकडे. उतरले आणि शिडी दाराआड ठेवून दिली. म्हटलं, तुम्ही उभे राहिलात की लावू. आणि तुम्ही उठेनातच! रोज वाट बघतेय मी, आज उठतील, उद्या उठतील."

मी मध्ये तोंड घातलं नाही, याची नोंद असावी. दादा छताकडे बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी कानावर ओघळत होतं. मग त्याने तोंड वाकडं केलं, हे त्याचं जुनं तोंड, आणि म्हणाला, "भोंगा, ती नळी दे इकडे."

त्याने नळी तोंडात धरून श्वास ओढला. एक चेंडू जरासा हलला आणि खाली बसला. तो एक शिवी हासडून पुन्हा श्वास ओढायला लागला. ती शिवी ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी खिडकी उघडून मोठ्ठा श्वास घेतला. मग मेकॅनिककडे जाऊन पेटी परत मागितली. त्याने ती उघडलीसुद्धा नव्हती, दारामागे फडक्याने झाकून ठेवली होती. "मला वाटलंच होतं, काका मागतील परत," तो म्हणाला.

मग चालणं सुरू झालं. आधी मोरीपर्यंत, मग जिन्यापर्यंत, मग जिना. सूप मागून घ्यायला लागला, वर "यात मीठ कुठाय?" म्हणून खेकसायलाही. वहिनी हसून मिठाऐवजी लिंबू पिळायची. डॉक्टरीणबाईंना विचारलं, जड उचलायचं नाही म्हणता, पण शिडी धरली तर? त्या म्हणाल्या, धरा की, धरण्यात काय वजन आहे.

बाहेर हिवाळा संपत आला होता. झाडांना कोवळी पालवी फुटायला लागली होती. म्हणजे आता फुलं लावायची तर वहिनीच्या हिशेबाने उशीर झाला होता. मी म्हटलंही, "सरळ उन्हाळाच काढ ना माळ्यावरून, फुलं या वर्षी राहू दे." दादाच खवळला. "राहू दे काय? मोसम गाळायचा नाही!"

मेकॅनिकने खोकं उतरवून दिलं. वहिनीने तोंडात टाचण्या धरल्या, गळ्यात तंगूस अडकवली. दादाने स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि शिडी दोन्ही हातांनी धरली. हात बारीक झाले होते, शिरा दिसत होत्या. पण आखूड पायाच्या बाजूला त्याने नेहमीसारखं पाऊल टेकवलं आणि शिडीचं डुलणं थांबलं. वहिनीने एकदा खाली बघितलं आणि सरळ चढली, वरपर्यंत.

"डावीकडे," दादा म्हणाला. "तुझ्या नव्हे, माझ्या."

मी कोचावर मुकाट्याने तपकिरी पडद्यांच्या घड्या घालत होते. फुलांचा वेल दारावर चढला, पिवळे पडदे लागले. दाराबाहेर फुलांचे दिवस, दाराच्या आतही फुलांचे दिवस, आणि या वेळी दादाने त्यातून भलतंसलतं काही वाचलं नाही. वहिनी उतरायला लागली तेव्हा दादा शिडी न सोडता म्हणाला, "आता लगेच उन्हाळ्याचं खोकं पण काढून घेऊ."

"अहो, आज? दमला असाल."

"दमलोय. पण आपण मागे पडलोय ना," तो म्हणाला. "चढ वर. धरलीय मी."